पंख्यात अडकलेली अक्षत

दुरुस्तीवाल्याशी भांडून मी सावेडीत घरी परत आलो. तो म्हणाला होता, "काका, लई जुना झालाय लॅपटॉप. ठेवून जा चार दिवस, बघतो." चार दिवस! मी म्हणालो, "राहू दे," आणि लॅपटॉप उचलून काखेत मारला. त्याला काय सांगणार, की बायकोचा आवाज तेवढ्यातच उरलाय म्हणून?

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा बंद होत्या तेव्हा तिनं याच लॅपटॉपसमोर बसून चौथीच्या मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ भरून ठेवले. ती जाऊन दीड वर्ष झालं. मोबाईलमध्ये तिचे ढीगभर फोटो आहेत, पण त्यात ती गप्प. म्हणून परवा कपाटात उभा ठेवलेला लॅपटॉप काढला आणि पहिला धडा लावला. "बाळांनो, वह्या काढल्या का?" पुढं दोन मिनिटं चाललं आणि लॅपटॉप तापून फटकन बंद. थंड होऊ दिला, पुन्हा लावला. परत तेच. त्या दिवसात मी तेरा वेळा वह्या काढल्या.

गाड्यांच्या वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनं उघडली मी, त्यापुढं हे काय! दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा घातला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. निघतील ते स्क्रू मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत ठेवले, मागचे मोहरीच्या वाटीत, मधले हळदीच्या. वाट्या रिकाम्याच होत्या. माझं जेवण डब्यातून येतं, फोडणी कुणासाठी घालायची? घर इतकं शांत, की स्क्रू वाटीत पडला तरी टिंग वाजायचं. तेवढीच सोबत.

झाकण निघालं. आत पंखा. त्याच्या पात्यांत झेंडूची वाळकी पाकळी, लाल भुगा आणि घट्ट रुतून बसलेला तांदळाचा एक दाणा. पिवळा.

च्यायला! ही तर दसऱ्याची अक्षत.

दसऱ्याला आमच्याकडं पाटावर माझे पाने-हातोडे मांडायचे आणि शेजारी तिचा लॅपटॉप. ती तो उघडून हळदकुंकू लावायची, फूल ठेवायची, वर अक्षता टाकायची. मी दरवर्षी खेकसायचो, "अगं, यंत्र आहे ते! फटीतून सगळं आत जाईल." ती म्हणायची, "तुमच्या पान्यांना कुंकू चालतं, आणि माझ्या पोटापाण्याला नाही?" शेवटच्या दसऱ्याला तर मी असा ओरडलो, की तिनं पूजेचं ताट तिथंच ठेवलं. संध्याकाळी सगळ्या गल्लीला आपट्याची पानं वाटली, मला दिली नाहीत.

म्हणजे माझंच खरं निघालं. पण आता काय करू त्याचं? "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं म्हणायलासुद्धा समोर कुणी तरी लागतं. टेबलाशी बसून मी ढसाढसा रडलो, सांगायला लाज कसली.

दाणा चिमट्यानं काढून जिऱ्याच्या वाटीत ठेवला. पंखा ब्रशनं झाडला. कुंकू सगळं निघालं नाही, मीही फार घासलं नाही. मग एकेक वाटी रिकामी करत सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला. वर्कशॉपातही उरायचा.

धडा लावला. दोन मिनिटं गेली. तीन गेली. पंखा फिरत होता. ती गोदावरी कुठून कुठं जाते ते सांगत होती, तेवढ्यात मागून कुणी तरी वसकन ओरडलं, "अगं, चहा मिळणार आहे का आज?"

मीच तो.

ती थांबली. "थांबा हं बाळांनो," म्हणाली, "घरात एक मोठा विद्यार्थी आहे, त्याचं आधी बघते." आणि उठून गेली. व्हिडिओतलं नको तेवढं कापायचं तिला कधी जमलंच नव्हतं, त्यामुळं पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची. आतून भांड्यांचा आवाज. मी त्या खुर्चीकडं बघत बसलो. एका चहाला एवढा वेळ लागतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

मग ती आली, पदराला हात पुसत बसली.

"हं, तर कुठं होतो आपण?"

"चहा नको होता गं मला," मी म्हणालो. "तू शिकव."