दोनशे किलोमीटर

रबर दिसलं की जावईबापू त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघत. स्कूटरचा टायर, ऑफिसातल्या खुर्चीची चाकं, एकदा तर माझ्या टेबलावरचं खोडरबर. नख उचलायचं, खूण किती वेळ टिकते ते पाहायचं आणि निकाल द्यायचा, "मेलंय हे." क्वचित, "आहे अजून जीव."

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण वागळे इस्टेटमधल्या आमच्या विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. मालकांचे एकुलते जावई. शिक्षणाने मोटारींचे इंजिनीअर, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत अभ्यास करून वर आलेले. लग्नानंतर मालकांनी त्यांना टेक्निकल डायरेक्टर केलं आणि स्वतंत्र केबिन दिली. केबिन स्वतंत्र होती, दार नव्हतं. म्हणजे दार होतं, पण ते मालकांच्या केबिनमध्ये उघडायचं. लघवीला जायचं तरी सासऱ्यांच्या टेबलाला वळसा घालून जावं लागे, आणि मालक दर वेळी मान वर करून विचारत, "काय, कुठे?" या प्रश्नाचं उत्तर एक इंजिनीअर माणूस दिवसातून चार वेळा देत असे.

राहायलाही मालकांच्याच बंगल्यात, पाचपाखाडीला, वरच्या मजल्यावर. जिना दिवाणखान्यातून.

मी खरेदी विभाग बघायचो. माझ्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी होती, म्हणून ते माझ्याकडे येऊन उभे राहत. एवढ्यावरच आमची मैत्री जमली.

लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला मालकांनी त्यांना गाडी दिली. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत अशा गाड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. दिसायला घरंदाज सेडान, आत इंजिन मात्र पळण्यासाठी अधीर. मालकांना इंजिनाशी कर्तव्य नव्हतं. ओळखीत कुणाकडे तशी गाडी नव्हती, हे त्यांना पुरेसं होतं. "आपल्याकडे काय कमी आहे?" असं ते पाहुण्यांना विचारत, आणि पाहुणे काही कमी नसल्याचं मान्य करून चहा पीत. बंगला ते कारखाना अंतर तीन किलोमीटर. गाडीचा पाचवा गिअर ज्या ज्या दिवशी पडला, ते दिवस जावईबापूंना वारासकट आठवत.

चार वर्षांनी एका दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"पत्र आलंय. पुण्याजवळच्या मोटार कंपनीचं. गाड्यांची चाचणी घ्यायचं काम."

"मग?"

"दसऱ्यानंतरच्या एक तारखेला हजर व्हायचंय. ही म्हणते, कधीही सांगा, मी तयार आहे." ही म्हणजे त्यांची बायको, मालकांची मुलगी. तिलाही तो दिवाणखाना आणि तो जिना पुरे झाला होता.

"मग अडलं कुठे?"

"टायर," ते म्हणाले. "झिजले नाहीत हो, उभे राहून म्हातारे झालेत. बाजूंना चिरा आहेत. अशा टायरवर बोरघाट चढायचा नाही. आणि या घरातून निघायचं तर स्वतः गाडी चालवत निघायचं."

सासऱ्यांच्याच गाडीतून सासऱ्यांच्या घरातून सुटायचं, यातली गंमत मी बोलून दाखवली नाही. ती त्यांना सुचली असावी, कारण लगेच म्हणाले, "टायर तरी माझे असतील."

खोपटला एसटी डेपोच्या पुढे टायरचं एक दुकान होतं. दुकानदार चेंदणीचा कोळी. बापजाद्यांनी होड्या सांभाळल्या, हा चाकांवर आला. जावईबापू तिथे तीन रविवार लागोपाठ गेले, मला घेऊन. रुंदी, नक्षी, टायरवर छापलेला बनावटीचा आठवडा, सगळं तपासलं. मुलगी बघायलासुद्धा माणसं एवढ्या वेळा जात नाहीत.

तिसऱ्या रविवारी दुकानदाराचा धीर सुटला. "शेट, कडक घ्या. धा वर्सं बघाया नको. ह्यो नरम रस्ता धरंल झकास, पन झिजंल लवकर."

"झिजू दे."

"अवो, पन पलवनार कुठं? ठान्यात?"

जावईबापू हसले नाहीत. "नरमच द्या," म्हणाले. "उभ्या उभ्या तडकण्यापेक्षा झिजलेला बरा."

टायर बसले. मला वाटलं, आता निघतील. पण नव्या टायरवर साच्यातून आलेला एक गुळगुळीत थर असतो म्हणे. तो उतरेपर्यंत, म्हणजे पहिले दोनशे किलोमीटर, जोराने वळायचं नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही. टायर रुळवावे लागतात. नव्या सुनेलासुद्धा एवढी सवलत कुणी देत नाही.

मग आमच्या घोडबंदर रस्त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मालकांना सांगायचं, गाडीची तब्येत बघतोय. शर्यतीचं इंजिन आणि वेग चाळीस. मागून ट्रक भोंगे वाजवत. एकदा एक रिक्षावाला बरोबरीला आला, आत डोकावला आणि म्हणाला, "काय काका, धक्का मारू का?"

जावईबापूंनी त्याला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. त्या रस्त्यावर ते अगदी वेगळे दिसायचे. खांदे सैल, तोंडात कसलीशी शीळ. गायमुखच्या पुढे खाडी दिसू लागली की घड्याळ बघत आणि शीळ थांबे. "वळू या," म्हणत. "जेवायला थांबलेले असतील."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकशे साठ झाले होते. चाळीस बाकी. एक तारखेला आठवडा होता.

दसऱ्याला बंगल्यावर गाड्यांची पूजा. आम्ही कारखान्यातले दहाबारा जण सोनं द्यायला गेलो होतो. गाडीला झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं. मालकांच्या डोक्यावर फेटा. पूजा झाली की मालकांना शेजारी बसवून जावईबापूंनी गाडी फाटकाबाहेर काढायची आणि टेंभी नाक्याला देवीसमोरून फिरवून आणायची, असा दरसालचा रिवाज.

लिंबं फुटली. पोर्चपासून फाटकापर्यंत शहाबादी फरशीचा उतार होता. फाटकाजवळ जावईबापूंनी ब्रेक दाबला आणि गाडी, कुठलीही घाई न करता, आडवी होत गेली आणि फाटकाच्या खांबाला टेकली. दिवा फुटला. मालकांचा फेटा नाकावर आला.

जावईबापू उतरले, वाकले, टायरवरून बोट फिरवून वास घेतला. मी शेजारीच होतो. खोबरेल तेल. टायर काळेभोर दिसावेत म्हणून कुणीतरी पहाटे उठून ते चोळलं होतं, बाजूंना आणि प्रेमाच्या भरात नक्षीवरसुद्धा.

पंचवीस वर्षं मालकांकडे असलेले ड्रायव्हर गणपतकाका पोर्चमध्ये उभे होते. हातात फडकं. चेहऱ्यावर रंग नव्हता. कारखान्याच्या एका ड्रायव्हरला याहून कमी कारणासाठी घरी पाठवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"काय झालं?" मालकांनी फेटा वर करत विचारलं. सगळ्यांसमोर.

जावईबापूंनी बोट रुमालाला पुसलं. "माझं चुकलं. अंदाज आला नाही."

"अंदाज?" मालक म्हणाले. "घरच्या फाटकातून गाडी काढता येत नाही, आणि रोज उठून घोडबंदरला जायचं! किल्ली द्या इकडे. आजपासून गणपत चालवेल. तुम्ही मागे बसा." मग आमच्याकडे वळून, "घ्या, पेढे घ्या."

किल्ली द्यायला त्यांना फार वेळ लागला नाही. वरच्या खिडकीत त्यांची बायको उभी होती. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी न राहवून म्हणालो, "अहो, पुण्याला एसटी जाते. खोपटहून."

"हो ना," ते म्हणाले, आणि खिडकीतून बघत राहिले. "गणपतकाकांचं नाव सांगितलं असतं तर किल्ली राहिली असती. पण मग तसं निघणं काही निघणं नव्हतं." थोड्या वेळाने, "आणि एसटीतही मागेच बसायचं."

त्यांच्या चांगुलपणाचा किती भाग धैर्याचा होता आणि किती सुटकेचा, हे मला अजून कळलेलं नाही. एक तारीख आली आणि गेली.

मी दोन वर्षांनी कारखाना सोडला. शेवटच्या दिवशी पाऊस होता, म्हणून ते म्हणाले, "चला, नाक्यापर्यंत सोडतो." आम्ही दोघे मागे बसलो. गणपतकाका जपून चालवत होते, तिसऱ्या गिअरच्या वर नाही. जावईबापू माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. मात्र प्रत्येक वळणाच्या जरा आधी त्यांचा उजवा पाय पुढे सरकत होता आणि गाडीच्या मॅटवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, हलकेच दाबला जात होता.