तिनं सोडलेली गोटी

मी लुडोत अतिशय कच्चा आहे, आणि केवळ त्यामुळे प्रेमात पडलो. नीट खेळता आलं असतं तर एव्हाना माझं लग्न झालं असतं, असं आमचे बाबा म्हणतात.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात. बाबा रेल्वेतून निवृत्त, आई मूळची वर्ध्याची आणि मी सरकारी कारकून. राजधानी नवी झाली तशी आमची कचेरी उचलून पार नव्या रायपुरात नेऊन ठेवली. तिकडचे रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही (बहुतेक वेळा पलीकडे माणूसच नसतो). तिथे जायला कचेरीची बस, आणि बसमध्ये वेळ घालवायला मोबाईलवरचा लुडो. रोज कुणीतरी अनोळखी इसम माझ्या गोट्या मारायचा आणि मी निमूटपणे हजेरी लावायला उतरायचो.

पावसाळ्यातल्या एका सकाळी 'जास्वंद' नावाची कुणीतरी समोर आली. तिच्या गोट्या हिरव्या, माझ्या पिवळ्या. माझी गोटी तिच्यापुढे बरोब्बर तीन घरांवर उभी, आणि तिला दान पडलं तीनचं. मी डोळे मिटून घेतले. उघडून पाहतो तर माझी गोटी जागच्या जागी, आणि तिनं भलतीच गोटी हलवलेली! चुकली असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिच्या वाटेत जाऊन उभा राहिलो. पुन्हा सोडलं. मग मला चटकच लागली. मी गोट्या नेऊन तिच्यापुढे ठेवायचो आणि ती त्यांना धक्काही न लावता ओलांडून जायची. मला आयुष्यात एवढं कुणी जपलं नव्हतं.

हळूहळू बोलणं सुरू झालं. ती मराठीच, पण लिहायची हिंदीत, आमच्याकडच्या सगळ्या तरुण मंडळींसारखी. शाळेत चित्रकला शिकवायची आणि राहायची पुरानी बस्तीत. म्हणजे जी मुलगी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिच्याशी बोलायला मी रोज बसनं शहराबाहेर जात होतो! रविवारी बस नसायची आणि घरी आई-बाबांसमोर खेळायची लाज वाटायची, तेव्हा जीव तुटायचा. मग मी पिशवी घेऊन भाजीच्या निमित्तानं पुरानी बस्तीत फिरायचो आणि खिडक्या पाहायचो. प्रत्येक खिडकीत कुणीतरी मोबाईलवर बोट फिरवत बसलेलं असायचं. ती कुठली, हे कसं ओळखणार? पिशवी रिकामीच घेऊन मी परत यायचो, आणि आई विचारायची, "काहून रे, बजारात भाजी नाही का आली?"

बाबांनी एकदा माझ्या खांद्यावरून खेळ पाहिला आणि सगळं बाहेर आलं.

"काहून रे, हिनं तुले मारलं काहून नाही?"

"ती मारत नाही मला."

"म्हणजे? कधीच नाही?"

माझे कान लाल झाले असावेत. कारण आई कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"पाहू दे मले. पाचचं दान पडलं नं तिले? आन् तरी सोडलं?" आईनं मोबाईल हातातच घेतला. "अहो, हे पोट्टी जीव लावून राहिली आपल्या पोट्ट्याले."

"थांब. दुसरी गोटीही ने तिच्यापुढं," बाबा म्हणाले. जन्मभर रेल्वेत काढल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची सवय आहे. दुसरी गोटीही तिनं सोडली. बाबांनी चष्मा काढून पुसला.

त्या दिवसापासून संध्याकाळचा डाव आमच्या घरी सहकुटुंब होऊ लागला. तिकडून गुलाबाचं चित्र आलं की आई देवापुढे साखर ठेवायची. मी म्हटलं, "मग जाऊन भेटू या त्यांना." तर आई म्हणाली, "आता नाही. चातुर्मास सुरू आहे. लग्नाचं बोलणं तुळशीच्या लग्नानंतर. देव झोपले आहेत, तुह्यासाठी उठवू का त्याईले?"

देव काही उठेनात. आईनं चार महिने वांगी सोडली होती आणि बाबांनी रागावणं (हा नेम दरवर्षी पहिल्या आठवड्यातच मोडतो). मी मात्र जेवण, झोप, सगळंच सोडल्यासारखा झालो होतो. बसच्या खिडकीतून ती रिकामी राजधानी पाहताना वाटायचं, यातल्या एखाद्या रस्त्यावरून आपण दोघांनी संध्याकाळी चालत जावं, बाकी काही नको. एकदा धीर करून लिहिलं, "घरी येऊ का एखाद्या दिवशी?" ती म्हणाली, "आओ ना. आई-बाबांना पण आणा." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की फोनची बॅटरी गेली.

अखेर तुळशीचं लग्न लागलं. पुढच्याच रविवारी ऊस, चिंचा, आवळे घेऊन आम्ही तिघं तिनं कळवलेल्या पत्त्यावर पुरानी बस्तीत पोचलो. दार तिनंच उघडलं. ओढणीला निळा रंग लागला होता. मी मनात रंगवलेल्या सगळ्या चेहऱ्यांपेक्षा हा साधा होता, आणि फार चांगला होता.

"आइए भैया," ती म्हणाली.

बाबा कानात पुटपुटले, "इथं ऑटोवाल्यालेही भैया म्हणतात. मनावर नको घेऊ."

आत तिच्या वडिलांनी अगदी प्रेमानं बसवलं. पोहे आले. आईनं विजयी मुद्रेनं बाबांना कोपरानं ढोसलं. (रायपुरात सिलिंडर आणणाऱ्यालाही पोहे देतात, पण आईला त्यात होकार दिसला.) मग बाबांनी खाकरून विषयाला हात घातला. "एक डाव होऊन जाऊ द्या या दोघाइचा. आमच्यासमोर."

आम्ही समोरासमोर बसलो. मी नेहमीच्या विश्वासानं पहिली गोटी तिच्यापुढे चार घरांवर नेऊन उभी केली आणि तिच्याकडे पाहून हसलो. तिला चार पडले. तीही हसली, आणि तिनं माझी गोटी मारली.

"चुकून बोट लागलं अशीन," आई म्हणाली.

दुसरी मारली. मग तिसरी मारली. मारताना तिचे डोळे असे काही चमकत होते की मी चौथी बाहेर काढण्याच्या भानगडीत पडलो नाही.

"बेटा," आईनं बारीक आवाजात विचारलं, "तू तं याले सोडत होती नं?"

"हव काकू. वो तो चातुर्मास का नेम था. आजी म्हणाली, सगळ्यात आवडीचं असेल ते सोड. मला गोटी मारायला सबसे ज़्यादा आवडतं. म्हणून चार महिने कुणाचीच मारली नाही."

"कुणाचीच?" मी विचारलं.

"एकाचीही नाही," तिचे वडील अभिमानानं म्हणाले. "परवा भिलाईचे एक जण आले होते, आई-वडिलांना घेऊन. फार भले लोक." त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे उसाची एक मोळी आधीच उभी होती. आमची त्यांनी तिच्याच शेजारी ठेवली.

निघताना ती दारापर्यंत आली. मोळ्या पाहून तिला सगळं समजलं असावं. हळूच म्हणाली, "तुम्ही मला विचारलं का नाही, का सोडते म्हणून?" मी चपला शोधू लागलो. मग ती म्हणाली, "कल खेलोगे ना?" मी म्हटलं, "हव." आणि खरं सांगतो, एवढ्यावरही मी घरापर्यंत तरंगत गेलो.

त्यानंतर तिनं मला रोज मारलं. हिवाळाभर मारलं, उन्हाळाभर मारलं. मधेच तिला पुण्याला नोकरी लागली. आता पुरानी बस्तीच्या खिडक्यांत कुणी नव्हतं, तरी भाजीला मी तिकडूनच जायचो. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका तेवढा उरला होता. मी आषाढी एकादशीची वाट पाहत होतो. नेम तर नेम, सगळ्यांबरोबर तर सगळ्यांबरोबर, पण चार महिने ती मला पुन्हा सोडून देईल, एवढंच मला पुरे होतं.

एकादशी उजाडली. बसमध्ये बसल्याबसल्या मी गोटी तिच्यापुढे पाच घरांवर नेऊन ठेवली. तिला पाच पडले. ती क्षणभर थांबली.

गोटी गेली. पाठोपाठ तिचा निरोप आला: "इस साल बैंगन छोड़ा है."

संध्याकाळी भाजीला गेलो, तर वांग्यांचा हा ढीग पडला होता. जांभळी, चकचकीत, चार महिने तिच्या हातून निर्धास्त. तात्यापाऱ्यातला एक सरकारी कारकून भर बाजारात वांग्यांवर जळत किती वेळ उभा होता, हे शेवटी भाजीवालीनंच मला सांगितलं.