समुद्रात फेकलेलं जिरं

...तर त्या नियमाबद्दल माझं बोलून संपलेलं नाहीये, सॉरी. काही शतकांपूर्वी मसाल्याच्या व्यापारात वादळ आलं की जहाज हलकं करायला कुणाचा तरी माल समुद्रात फेकायचे, आणि ज्यांचा माल वाचला त्यांनी ते नुकसान वाटून घ्यायचं. त्यावरून व्यापारी कोर्टात कसे भांडले, हे मी लॉच्या सेकंड इयरपासून वेड्यासारखं वाचतेय. म्हणून ओमानला मावशीकडे गेले तेव्हा माझ्या लिस्टमध्ये किल्ल्यांच्याही वर सूर होतं, गलबतं बांधणारं गाव.

मावशी मस्कतमध्ये दार्सैतला राहते. तिच्या खालच्या मजल्यावर दाऊदचाचा, मूळचे रत्नागिरीचे, मसाल्याचे छोटे व्यापारी. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना हा नियम ऐकवला.

"पोरी, हे माझंच चाललंय की," चाचा म्हणाले.

गेल्या महिन्यात गुजरातहून निघालेल्या लाकडी गलबतावर त्यांची जिऱ्याची पोती होती. वादळात सगळी फेकली. विमा नव्हता. बाकीच्यांचा माल सुखरूप पोचला, आणि कोणी किती भरपाई द्यायची ते शुक्रवारी सूरला बसून ठरणार होतं. "नाही दिली तर दुकान खलास. चल तू पण, वकील आहेस ना."

माझा आनंद बघून मावशीने मला टेबलाखालून चिमटा काढला.

जवळच्या रुवीहून सूरला बसही जाते, तीन-चार रियालमध्ये, पण टायमिंग आधी चेक करा. आम्ही चाचांच्या पिकअपने गेलो. कुरियातनंतर एका बाजूला कोरडे डोंगर, दुसऱ्या बाजूला इतका निळा समुद्र की मी फोटो काढणंच सोडून दिलं. वाटेत बिम्माचा खड्डा बघाच, आत हिरवंगार पाणी, एंट्री फ्री. पोहायचं असेल तर अंग झाकणारे कपडे घ्या. आणि शुक्रवारी दुपारी दुकानं बंद असतात, खाऊन निघा.

नमाजानंतर सालिम नाखव्यांच्या घरी बैठक. जुने कप्तान, आता म्हातारे, समुद्रावर जात नाहीत, पण त्यांचा शब्द सगळे मानतात. गाद्यांवर बसलो, कहवा म्हणजे अरबी कॉफी आली, हलवा आला. बोलणं हिंदीत.

त्याच गलबतावर ज्यांची वेलची वाचली होती, ते शेठ म्हणाले, "मेरी इलायची हल्की थी. उससे जहाज थोड़े ही डूबता. वजन के हिसाब से बाँटो."

"नहीं अंकल," मी मध्येच. "पुराने केसेस में बचे हुए माल की क़ीमत से बाँटते थे."

नाखव्यांनी मान डोलावली; वेलची महाग, म्हणजे शेठचा वाटा मोठा. चाचांनी मला हलव्याचा मोठा तुकडा दिला.

"अच्छा? और क्या पढ़ा है, बेटी?" शेठ गोड आवाजात म्हणाले.

मी फुल फॉर्ममध्ये होते. सांगून टाकलं की माल डेकवर ठेवलेला असेल आणि फेकला, तर भरपाई मिळायची नाही.

चाचांची पोती डेकवर होती. मी विचारलंच नव्हतं.

"सुना, दाऊदभाई?" शेठ म्हणाले.

नाखव्यांनी शांतपणे कप ठेवला. "इस रास्ते पे सबका माल ऊपर रहता है. तेरी इलायची भी ऊपर थी. जीरा पहले हाथ आया, बस."

पण शेठ आता हलेनात. कोर्टात जाऊ म्हणाले. कोर्ट म्हणजे वर्षं. शेवटी बाकीच्यांनी पूर्ण वाटा कबूल केला, शेठने आपला अर्धाच.

परतीच्या रस्त्यावर चाचांनी हिशेब लावला. मग म्हणाले, "दुकान राहील. गोडाऊन सोडावं लागेल." मी सॉरी म्हटलं. "खोटं नाही बोललीस तू," ते म्हणाले, आणि टपरीवर गाडी थांबवून माझ्यासाठी करक चहा घेतला. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

पुण्याला येऊन जुन्या नोट्स बाहेर काढल्या. डेकच्या नियमाखाली दोन ओळी सोडून माझ्याच अक्षरात लिहिलंय: जिथे डेकवर माल नेण्याचीच पद्धत असेल, तिथे भरपाई मिळते. नाखव्यांना ते न वाचता माहीत होतं. मी वाचूनही अर्धंच सांगितलं.

ओमानला जरूर जा, सूर चुकवू नका. पण मला सांगा, आपल्याच माणसाच्या बाजूने बसलेले असताना समोरच्याने "और क्या पढ़ा है" विचारलं, तर तुम्ही काय केलं असतं?