दोन्ही वाट्यांत हळद

"बघा, दोन्हीकडे हळदच आलीय," असं म्हणत पेडणेकर काकूंनी कागद माझ्या हातात दिला.

हळदीकुंकवाची पत्रिका होती. वर कोयरीचं चित्र, म्हणजे हळद आणि कुंकू ठेवायच्या जोडवाट्या. दोन्ही वाट्या पिवळ्याधमक. खाली नाव, फ्लॅट नंबर आणि 'वेळ चार ते सात'. अक्षरं मात्र काळीभोर, एकही तुटलेलं नाही.

मी प्रिंटर दुरुस्त करते. एका सर्व्हिस सेंटरची फील्ड इंजिनिअर आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचे कॉल माझ्याकडे असतात. दार उघडल्यावर बहुतेक लोक माझ्या मागे बघतात आणि विचारतात, "इंजिनिअर खाली पार्किंगला आहेत का?" कोलशेतच्या त्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, काकू म्हणाल्या, "बरं झालं, बाईच आली." त्यात बरं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. मी कामाला लागले.

रंगीत प्रिंटरमध्ये लाल शाई नसते. चार शाया असतात. काळी, पिवळी, निळसर सायन आणि गुलाबी मॅजेंटा. लाल हवा असेल तर प्रिंटर पिवळ्यावर मॅजेंटा मारतो. मॅजेंटा आला नाही की नुसता पिवळा उरतो. काकूंच्या कुंकवाचं तेच झालं होतं.

"शाई संपली असेल म्हणून दुकानातून आणून भरली," काकू सांगत होत्या. "तरी येईना. मग मीच ते क्लीनिंगचं बटण दाबत बसले. काल दुपारभर."

मी कपाळाला हात लावला. हेड क्लीनिंग म्हणजे प्रिंटर शाई जोरात ओढतो आणि छपाईची बारीक छिद्रं धुतो. धुतलेली शाई खाली एका स्पंजमध्ये जाते. स्पंज भरला की प्रिंटर चक्क बंद पडतो, आणि शिव्या आम्हाला.

"काकू, ते एकदा करायचं. फार तर दोनदा."

"मला काय माहीत? हे सगळं हेच बघायचे."

'हे' भिंतीवर होते. हार घातलेला फोटो, चष्मा, शर्टाच्या खिशाला पेन.

मी नॉझल चेक काढला. ही एक चाचणी असते. प्रिंटर प्रत्येक रंगाच्या बारीक रेषा छापतो. रेषा तुटक आल्या तर छिद्रं बुजलीत असं समजायचं. काळ्या रेषा अखंड होत्या. पिवळ्या आणि निळ्या जेमतेम एक-दोन ठिकाणी तुटलेल्या. मॅजेंटाच्या जागी कोरा कागद. सगळीच छिद्रं एकदम बुजत नाहीत. म्हणजे शाई हेडपर्यंत पोचतच नव्हती.

झाकण उघडून टॉर्च मारला. शाईच्या टाकीपासून हेडपर्यंत प्रत्येक रंगाची एक बारीक नळी असते. मॅजेंटाच्या नळीत वीतभर गुलाबी, मग मोकळी जागा, मग पुन्हा थोडं गुलाबी. नळीत हवा शिरली होती.

"हा प्रिंटर कधी उभा करून ठेवला होता का?"

काकू आठवत राहिल्या. "यांच्या तेराव्याला. पाहुणे खूप होते, जागा हवी होती. कोणीतरी उचलून कपाटात उभा घातला. मग तिथेच राहिला. आता या आठवड्यात काढला."

तेच कारण. प्रिंटर उभा केला की शाई मागे फिरते आणि हवा आत येते. ज्या टाकीत शाई कमी असते तिथे आधी. शिवाय काकू म्हणाल्या, काकांना रंगीत छापणं म्हणजे उधळपट्टी वाटायची, त्यामुळे ते रंग आधीच पडून होते.

उपाय सोपा पण वेळखाऊ. नळीचं हेडकडचं टोक सोडवायचं, सिरिंज लावायची आणि हवा हळूहळू ओढून काढायची. घाई केली की नवी हवा शिरते. हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं, म्हणून मी विचारलं, "पत्रिका कशाला छापताय? सोसायटीच्या ग्रुपवर टाका ना."

"ग्रुपवर फ्लॅटमागे एकच नंबर असतो. आमचा यांचा होता. तो काढून टाकला."

"मग तुमचा घालायला सांगा."

"दोनदा सांगितलं."

मी सिरिंज ओढत राहिले. काकू खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"डोंबिवलीला होतो तेव्हा माझ्या हळदीकुंकवाला अख्खी बिल्डिंग यायची. बायकांना बसायला जागा पुरायची नाही. यांचे गुडघे गेले म्हणून लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आलो. ओळखी व्हायच्या आत हेच गेले. मागच्या जानेवारीत कोणी बोलावलं नाही. म्हटलं, वर्ष झालेलं नाही, म्हणून असेल. परवा समोरच्यांकडे झालं. बायकांच्या चपला माझ्या दारापर्यंत आल्या होत्या. मला भाजी आणायला जायचं होतं. पण दार उघडलं असतं तर सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं असतं. बसून राहिले आत. सगळ्या जाईपर्यंत."

त्यांनी हे काही रडून सांगितलं नाही. लिफ्ट बंद होती असं सांगावं तसं सांगितलं. माझी आई गेल्यापासून डोंबिवलीच्या माझ्या घराला कुलूप मीच लावते आणि मीच काढते. ते सांगता आलं असतं. पण कस्टमरला आपलं घरचं सांगायचं नाही, असा माझा नियम आहे.

"विधवेनं हळदीकुंकू करायचं नसतं म्हणतात," काकू म्हणाल्या. "मी करणार आहे. शनिवारी. रथसप्तमी त्याच्यानंतर आहे, तेव्हा चालतंय. या विंगमधल्या प्रत्येक दाराखाली एक पत्रिका सरकवणार." मग जरा थांबून म्हणाल्या, "येतील ना हो?"

"मॅजेंटा येईल," मी म्हटलं. "बाकीचं मला नाही सांगता येणार."

मॅजेंटा आला. आधी फिकट, मग व्यवस्थित. पत्रिका छापली. एका वाटीत हळद, दुसरीत लालभडक कुंकू. काकूंनी कागद खिडकीशी नेला आणि बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या.

मी नेहमीची सूचना दिली. "आता आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान छापत जा. नाहीतर पुन्हा सुकेल."

"रंगीत काय छापू?"

"काहीही."

"काहीही म्हणजे काय? मला रंगीत असं काय छापायचं असणार?"

"नॉझल चेक छापा," मी म्हटलं. कस्टमरच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकल्याशिवाय आमचा कॉल क्लोज होत नाही. काकूंनी ओटीपी वाचून दाखवला आणि मी निघाले.

शनिवारी दुपारी कोऑर्डिनेटर नितीनचा फोन आला. "मॅडम, कोलशेतचा रिपीट आहे. पेडणेकर. एक रंग येत नाही. वेळ संध्याकाळी पाचची मागितलीय."

रिपीट कॉल म्हणजे त्याच मशीनची तीच तक्रार काही दिवसांत परत येणं. तो इंजिनिअरच्या नावावर लागतो. मी सिरिंजनं काढलेली हवा परत शिरली कुठून? पूर्ण रस्ता मी मनात त्या नळीचे सांधे तपासत होते आणि चिडत होते. कार्यक्रमाची तारीख माझ्या डोक्यातून पार गेली होती.

काकूंनी दार उघडलं. मोतिया रंगाची रेशमी साडी. घरात अत्तराचा वास. सोफा भिंतीला सरकवलेला, समोर मांडलेल्या खुर्च्या. टेबलावर तिळगुळाची ताटं, मसाला दुधाचं पातेलं, गुलाबदाणी. वाण म्हणून द्यायच्या चहाच्या गाळण्या एकात एक घालून रचलेल्या. खुर्च्यांवर कोणीही नव्हतं.

मी सरळ आत प्रिंटरकडे गेले. नॉझल चेक काढला. चारही रंग अखंड. परत काढला. एकही रेष तुटलेली नाही.

"काकू, प्रिंटर ठीक आहे."

"माहितेय मला."

"मग कॉल कशाला लावलात? माझ्या नावावर रिपीट लागतो." माझा आवाज चढला होता.

काकूंनी कोयरीखालून एक पत्रिका काढली आणि माझ्यापुढे धरली. "तुला द्यायची राहिली होती. तू नंबर दिला नव्हतास. कंपनीला फोन केला की तू येतेस, एवढंच मला ठाऊक."

इतक्या वर्षांत लोकांनी मला कॉलवर बोलावलं होतं. पत्रिका देऊन कोणी बोलावलं नव्हतं.

"आमच्यात हळदीकुंकू नसतं, काकू," मी म्हटलं. आम्ही बौद्ध. आईनं कधी केलं नाही, कुठे गेलीही नाही.

"माझ्यातही आता नसतं," काकू म्हणाल्या. "बैस."

मी बसले. तेवढ्यात नितीनचा फोन. "कुठे आहात, मॅडम? माजिवड्याचं ऑफिस थांबलंय."

"रिपीट आहे. वेळ लागेल."

"एका रंगाला किती वेळ लागतो?"

"तो कॉल सुरेशला दे," म्हणून मी फोन ठेवला.

आम्ही दोघी दूध प्यायलो. लिफ्टचा आवाज आला की काकू पदर सारखा करायच्या. लिफ्ट थांबायची, कुठलं तरी दार उघडायचं, मिटायचं. खाली मुलांचा आरडाओरडा चालला होता. सहा वाजून गेले. काकूंनी दुधावर झाकण ठेवलं. "उद्या तुझ्या डब्यात देते थोडा तिळगूळ," त्या म्हणाल्या. उद्या मी येणार नव्हते, ते त्यांनाही माहीत होतं.

मग बेल वाजली. लिफ्टचा आवाज झालाच नव्हता.

दारात एक म्हातारी बाई उभी होती. पांढरे केस, फिकट हिरवं सुती लुगडं, हातात घडी घातलेली पत्रिका. मोकळं कपाळ. समोरच्या दाराकडे बोट करत म्हणाली, "मी इथली. सून बाहेर गेलीय. मी आलेलं चालेल ना?"

"या ना. मला माहीतच नाही तुम्ही इथे असता," काकू म्हणाल्या.

"मला सगळे माई म्हणतात. गावाहून आले दिवाळीत. बाहेर फारशी नसते मी." खुर्चीत टेकून त्यांनी घर न्याहाळलं. "त्या दिवशी आमच्याकडे होतं ना, तेव्हा मी आतल्या खोलीत होते. टीव्ही लावून. सून काही बोलली नाही हो, मीच आत गेले. आपण कशाला मध्ये."

त्या समारंभाच्या एका बाजूच्या बंद दाराआड माई होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या बंद दाराआड काकू. मधे चपला.

काकूंनी कोयरी उचलली. माई आधी मागे सरकल्या. मग त्यांनी हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. नंतर काकू माझ्याकडे वळल्या. मी कपाळ पुढे केलं. आई रागावली असती की हसली असती, ते मला अजून ठरवता येत नाही.

"आता तुम्हाला कोण लावणार?" मी काकूंना विचारलं. माईंचे हात थरथरत होते, म्हणून कोयरी माझ्याकडे आली. मी जन्मात कधी कुणाला कुंकू लावलं नव्हतं. "कुठल्या बोटानं?"

"करंगळीच्या शेजारच्या. आधी हळद."

मी आधी हळद लावली, मग कुंकू. बारीक स्क्रू फिरवणारा माझा हात, पण ते जरा तिरकंच लागलं. काकूंनी ते सारखं केलं नाही.

आणखी कोणीही आलं नाही. सात वाजेपर्यंत आम्ही तिघीच होतो. निघताना काकूंनी मला गाळणी दिली आणि ओटीपी दिला. ॲपमध्ये 'फॉल्ट नाही' असं टाकलं असतं तर त्यांची खोटी तक्रार ठरली असती. मी 'कस्टमरला वापर समजावला' हा पर्याय निवडला. रिपीट माझ्या नावावर लागला, तो आहेच.

धडा म्हणाल तर एवढाच. रंगीत प्रिंटर आठवड्यातून एकदा रंगीत चालवावा आणि उभा करून कधीही ठेवू नये. आणि कस्टमरला आपला नंबर द्यावा. हे दुसरं कंपनीच्या नियमात बसत नाही, पण मी त्या दिवशी दिला.

तेव्हापासून दर शनिवारी काकूंच्या नॉझल चेकचा फोटो येतो. कधी खाली लिहिलेलं असतं, 'आज माई आल्या होत्या.' मी चारही रंगांच्या रेषा मोठ्या करून बघते आणि 'ओके' पाठवते. गेल्या शनिवारी अंधार पडला तरी फोटो आला नाही. मी मोबाइल दोनदा बघितला, मग सरळ फोन लावला.

"प्रिंटर ठीक आहे ना, काकू?"

"ठीक आहे गं. कागद संपलेत. तू जेवलीस का?"

आई गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. "नाही अजून," मी म्हटलं. आणि मग, नियम बाजूला ठेवून, त्यांना घरचं सांगायला लागले.