डब्यातलं वजन

मला फसवलं लातूरच्या एका ठोक दुकानदाराने. फसलो मी, आणि नाव गेलं मिस्त्रींचं, ज्यांना या व्यवहारातून एक चहासुद्धा मिळाला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत आजही ही गोष्ट उलटी सांगतात, आणि ती उलटी सांगत फिरणारा पहिला माणूस मीच होतो.

मिस्त्री कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, ते पिवळ्या मुठीचा पेचकस लावायचे. कुठलीही वस्तू समोर आली की हात खिशाकडे जायचा आणि दोन शब्द यायचे, "आधी उघडू." वस्तू बिघडलेली असायला पाहिजे असंही नव्हतं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल, पण आमच्या मिस्त्रींनी भाचीच्या लग्नात द्यायचं भिंतीवरचं घड्याळ मांडवातच उघडलं होतं. बहीण ओरडली, "दादा, लोक बघून राहिले!" मिस्त्री म्हणाले, "बघू दे की. जावयाला बंद घड्याळ द्यायचं का?" आत सेलच्या पट्टीला गंज होता. त्यांनी तो नखाने खरवडला, घड्याळ चालू केलं आणि मगच कागदात गुंडाळून दिलं.

ही सवय कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. "आमच्या घराची भिंत चार फूट जाड होती, शेठ. आज्जा म्हणायचा, तोफ मारली तरी हलणार न्हाई. पडली तवा कळलं, दोन्ही अंगाला दगड अन् मधी नुसती माती. आत काय हाय ते कुणी कधी बघितलंच नव्हतं." त्या भिंतीखाली त्यांची आई आणि थोरला भाऊ गेले. एवढं बोलून त्यांनी माझ्या प्रिंटरचं झाकण बसवलं आणि चारी स्क्रू पिळले.

मी त्या काळात काय करत होतो, तेही सांगतो. मी लातूरजवळच्या मुरुडचा. भूकंपात पडलेल्या त्या गावांतले वाकलेले पत्रे आणि चेपलेली तांब्या-पितळेची भांडी किलोवर घेऊन लातूरला विकत होतो. लोक विकत होते, मी घेत होतो, भाव मात्र मी ठरवत होतो. माझं पहिलं भांडवल तिथलं. मिस्त्रींना हे माहीत होतं. एकदा चहाच्या टपरीवर म्हणाले, "आमच्या आईचा हंडा बी तुमच्याच काट्यावर चढला असंल." मी कप हातात फिरवत बसलो. मग तेच म्हणाले, "घ्या शेठ, चहा निवून राहिला."

भंगारात वाढलेल्या माणसाला वजन कळतं. हातात धरलं की तांबं किती, कथील किती हे मी डोळे मिटून सांगायचो. माझा सगळा विश्वास त्या हातावर होता.

पुढे लातुरात क्लासेसचा जोर झाला. जिल्ह्याबाहेरून पोरं-पोरी येऊ लागली, खोल्यांची भाडी चढली, चौकाचौकात गुणवंतांचे फलक लागले. मी भंगार सोडून स्टुडिओ टाकला. केमिस्ट्रीच्या एका सरांची लेक्चरं चित्रित करायची, कापून-जोडून डीव्हीडी बनवायच्या, आणि ज्यांना क्लासची फी परवडत नाही त्यांना त्या विकायच्या, असा धंदा. माझा कॉम्प्युटर जुना होता. एक लेक्चर तयार करायला सबंध दिवस जायचा. म्हणून नांदेडला जाऊन, दोन तास घासाघीस करून एक ग्राफिक्स कार्ड आणलं आणि मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं. "कार्ड बरं हाय. पण ह्याला खायला कोण घालणार?"

जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय अडीचशे वॅटचा होता. नव्या कार्डाला वेगळी सहा पिनांची वायर लागत होती आणि ती त्याला नव्हतीच. म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा बदलणं आलं. आम्ही दोघं लातूरच्या त्या ठोक दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन डबे काउंटरवर ठेवले. एक नावाजलेल्या कंपनीचा, साडेचारशे वॅटचा, महाग. दुसरा कुठल्या कंपनीचा ते त्या दुकानदारालाही माहीत नसावं, पण त्यावर ठळक लिहिलेलं, पाचशे वॅट, आणि किंमत निम्म्याहून कमी. मी दोन्ही हातांत एकेक धरला. स्वस्तातला जड होता. चांगलाच जड. माझ्या हाताने निकाल देऊन टाकला.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवून स्वस्त डब्यावरचा बारीक तक्ता वाचला. मग दुकानदाराच्याच बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. "कार्ड बारा व्होल्टच्या वायरीवर चालतं, शेठ. हितं त्या वायरीला चौदा अँपिअर लिवलेत. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट वॅट. बाकीच्या वायरींचं धरलं तरी पाचशे कुठून आलं?" मग दुसरा डबा. "ह्याला बत्तीस हायत. म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी. ह्यो खरं बोलून राहिला."

दुकानदार हसला. "आवो मिस्त्री, ते सगळं कंपनीवाल्यांचं असतं. लातुरात सगळे हेच नेतात."

"मग उघडून दाखवा."

"सील फुटलं की वॉरंटी गेली. बघा शेठ, तुम्हीच सांगा."

वर्षाची वॉरंटी होती. भावही मी आणखी खाली आणला होता. आणि हा माणूस म्हणत होता, वॉरंटीचा कागद आधी फाडा, मग माल घ्या! माझं डोकं तापलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी म्हणालो, "मिस्त्री, त्या महागाच्या कंपनीकडून तुम्हाला काही मिळतं का?"

पेचकस हातात होता, तो त्यांनी परत खिशाला लावला. माझ्या देखत न उघडता खिशाला लावलेला पेचकस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"जोडून देतो," ते म्हणाले, "पण मनानं न्हाई. जिम्मेदारी तुमची." त्यांनी जोडून दिलं. पैसे घेतले नाहीत.

आठव्या दिवशी भर दुपारी फट् असा आवाज झाला आणि खोलीत जळक्या मच्छीसारखा वास भरला. डबा गेला, कार्ड गेलं, मदरबोर्ड गेला आणि हार्डडिस्कही गेली. तिच्यात सरांची वर्षभराची लेक्चरं होती. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, कारण दुसरी हार्डडिस्क म्हणजे फुकटचा खर्च असं मला वाटत होतं.

डबा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने सीलवर बोट ठेवलं. "हा कोपरा बघा, उचललेलाय. तुमच्या मिस्त्रीनं उघडायचा प्रयत्न केलाय. वायरी बी उलट्यासुलट्या जोडल्या असतील. ह्याला कंपनी घेत नाही." सीलचा कोपरा पिशवीत घासूनही उचलला असेल. पण मला त्या वेळी एक दोषी माणूस हवा होता, आणि तो मी नसायला हवा होता. दुकानदाराने मला तो फुकट दिला. आयुष्यात मी बिनघासाघीस घेतलेला तेवढा एकच माल.

तिथून थेट केमिस्ट्रीच्या सरांच्या क्लासवर गेलो, तर फाटकातच सर उभे होते. मिस्त्री आतून येत होते, कारण क्लासच्या परीक्षेच्या खोलीतले सगळे कॉम्प्युटर तेच सांभाळायचे. त्यांचं घर त्या कामावर चालायचं. मी तिथेच सुरू झालो. उघडून बघायची खोड, अडाणी कारागीर, सरांचं वर्ष जाळलं, जे तोंडात येईल ते बोललो. पोरं-पोरी थांबून ऐकत होती.

मिस्त्री फक्त म्हणाले, "शेठ, आता तरी तो उघडा."

"उघडून काय बघू? तुमचे प्रताप?"

सरांनी दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. मग दुसऱ्या क्लासनेही सांगितलं. आमच्याकडे ही बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि मी तर वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होतो. वर्षाच्या आत मिस्त्री लातूर सोडून नांदेडला मुलीकडे गेले.

तो डबा मी फेकला नाही. भंगारवाला जड वस्तू फेकत नाही. स्टुडिओत पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायचे, त्यांच्यावर तो ठेवायचो. कितीतरी वर्षं तो तिथे बसून होता आणि रोज सकाळी मी तो स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवत होतो.

स्टुडिओची जागा बदलताना तो फळीवरून फरशीवर पडला. पत्रा उचकटला. आत ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात ते थोडंसंच होतं, माझ्या मुठीत मावेल एवढं. उरलेल्या जागेत साबणाच्या वडीएवढा सिमेंटचा गोळा चिकटवलेला होता. वजनासाठी. माझ्यासारख्या हातांसाठी. आणि त्या गोळ्यावर अंगठा उमटला होता. ओलं सिमेंट कुणीतरी दाबून बसवलं होतं, आणि ठसा रेघा मोजता येतील इतका स्पष्ट होता. चार स्क्रू होते हो. फक्त चार.

गोळा पिशवीत घालून नांदेडला गेलो. दाराशी मिस्त्रींची मुलगी आली. मी नाव सांगितलं. तिने आत या म्हटलं नाही.

"बाबा गेले. दोन महिने झाले."

मी पिशवी उघडून तिला गोळा दाखवला, सगळं सांगितलं. तिने तो हातात घेतला नाही.

"माझ्याबद्दल काही बोलायचे का?" मी विचारलं.

"न्हाई. तुमचं नाव कधी घेतलं न्हाई. पण लातूरचा कुणी मशीन घेऊन आला तर हात लावत नव्हते. म्हणायचे, त्यांना बंदच बरं वाटतं."

तिच्या मागे खुंटीवर त्यांचा शर्ट अजून टांगलेला होता. खिशाला पिवळी मूठ दिसत होती.

परत येऊन थेट दुकानात गेलो. आता तिथे काचेची दारं आहेत, थंड हवा आहे. मी गोळा काउंटरवर आपटला. दुकानदाराने तो ओळखला. पहिल्यांदा बघणारा माणूस विचारतो, हे काय आहे. त्याने विचारलं नाही.

"भाऊ, त्या काळात सगळेच तसलं विकत होते. जुनं काय उकरून राहिले? नवा घेऊन जा एक. माझ्याकडून. फुकट."

आणि त्याने खरोखरच एक खोका माझ्याकडे सरकवला. सील नीट लावलेलं होतं. किळस आली मला त्या माणसाची, त्या खोक्याची, आणि तो खोका बघताच वजन घ्यायला पुढे झालेल्या माझ्या हाताची.

मी काय केलं ते मी इथे लिहिलं आहे. क्लासच्या ज्या फाटकात ओरडलो, तिथे उभं राहून पुन्हा मोठ्याने सांगायलाही तयार आहे. पण मी एकटाच का? ज्याने तक्त्यात चौदा आणि त्याच डब्यावर पाचशे छापलं, तो कुठे आहे? ज्या सरांनी एका शब्दाने चौकशी न करता माणूस काढला, ते काय म्हणतात? आणि दुकानदार, तू. गोळा माझ्याकडे आहे, अंगठा त्यावर अजून तसाच आहे. चल माझ्याबरोबर नांदेडला, त्या दारात उभा राहा, आणि हा अंगठा कुणाचा ते त्या मुलीला सांग.