शंभर पोत्यांचे गचके

होणाऱ्या सासऱ्यांना त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दारातून आत आले असं म्हणणं बरोबर होणार नाही. आधी दार दिसेनासं झालं, मग उजेड गेला, मग खोलीभर डिझेलचा वास पसरला आणि मग मिशा आल्या. मिशांच्या मागचा माणूस यायला अजून अवकाश होता. तीस वर्षं ट्रक चालवून त्यांचा आवाज असा झाला होता की त्यांनी घरात पाणी मागितलं की गल्लीतल्या सायकली कडेला होत. ते बसले तशी खुर्ची कण्हली. त्यांच्याशी हात मिळवल्यावर त्याने आपला हात पाठीमागे नेऊन बोटं मोजली. पाच भरली तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"सिनेमात ट्रक चालवतो, काका."

"हलवतो," आतून मुलगी म्हणाली. "बाबा, ते ट्रक हलवतात."

मुलगी खरं तेच बोलत होती. ती त्याच स्टुडिओत कपडेपटात शिलाईला होती, आणि सगळा स्टुडिओ त्याला गचकेवाला म्हणायचा. तेव्हा ट्रकवाल्यांच्या सिनेमांची लाट होती. नायक ट्रकमध्ये, नायिका वाटेत आणि खलनायक पुढच्या वळणावर. हे सगळं घडायचं पत्र्याच्या एका शेडमध्ये. तिथे अर्धा ट्रक होता. पुढे केबिन, मागे काहीच नाही आणि चाकांच्या जागी जाडजूड स्प्रिंगा. केबिनच्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर धावता रस्ता दाखवायचे. एक जण झाडाची फांदी घेऊन दिव्यापुढून पळायचा, म्हणजे नायकाच्या तोंडावरून सावल्या जात. आणि खाली, लांब फळीचं टोक खांद्यावर घेऊन, गचकेवाला केबिनला गचके द्यायचा. नायकाला गाडी येत नव्हती. गचकेवाल्यालाही येत नव्हती.

पण फळी खांद्यावर आली की त्याचे डोळे आपोआप मिटत आणि शेडचा पत्रा विरघळून जाई. पिवळी कुरणं येत, लांबच लांब पूल येत, डोंगरावरून उतरणारं धुकं पापण्यांना लागून जाई. अशी तीन वाळवंटं त्याने पालथी घातली होती. संध्याकाळी सहाला फळी भिंतीला टेकवून तो घराकडे निघे, तेव्हा चेहऱ्यावर फार लांबून आल्याचा शीण असे.

"मला गाडीवाला जावई नकोच," बाबा म्हणाले. "गाडीवाल्याची बायको कशी राहते ते हिच्या आईला विचारा."

"तुम्ही विचारलंत का कधी?" आई म्हणाली.

बाबांनी ते वळण शिताफीने चुकवलं. "पण काम चोख पाहिजे. काय करता ते दाखवा."

रविवारी चौघं दुपारच्या खेळाला गेली. पडद्यावर घाट आला. नायक म्हणाला, "मागे शंभर पोती सिमेंट आहे. जीव गेला तरी पोहोचवीन." नायिकेने डोळे पुसले. थिएटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, अशा वेळी बाबांनी आपल्या परीने हळू आवाजात सांगितलं, "गाडी रिकामी आहे."

"शू," आई म्हणाली.

"अगं, शंभर पोती भरलेली गाडी अशी शेळीसारखी उड्या मारते होय? हा त्या मुलीला फसवतोय."

लोक हसले ते नायिका मरेपर्यंत हसत राहिले. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "माणूस बरा आहे, पण कामाचा कच्चा आहे. कच्च्या माणसाला मी मुलगी देत नाही."

गचकेवाल्याचं तीन दिवस जेवणावरचं मन उडालं. चौथ्या दिवशी मुलगी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "तोंड पाडून काय होणार? भरलेल्या गाडीत बसून या एकदा. बाबांशी मी बोलते. फक्त डोळे उघडे ठेवा."

दोन दिवसांचा प्रवास होता. सहा सिनेमांत कधी गाडी न लागलेला माणूस पहिल्या तासातच खिडकीबाहेर वाकला. बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"खड्डा दिसला?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"हो."

"आता थांबा."

चाक खाली गेलं, वर आलं. काहीच झालं नाही. मग, एक श्वास घ्यावा इतक्या वेळाने, मागची शंभर पोती एखाद्या लठ्ठ मामाने झोपेत कूस बदलावी तशी हलली. अख्खी केबिन संथपणे कलली आणि संथपणे सावरली.

"माल उशिरा उत्तर देतो," बाबा म्हणाले.

डोळे मिटून पाहिलेली कुरणं आता उघड्या डोळ्यांसमोर येऊन मागे जात होती. डोंगरावरचं धुकं खरोखरच केबिनमध्ये शिरलं. बाबा प्रत्येक वळणाला, आपल्याशीच, "ये बाई, ये" म्हणत आणि वळण येई. किती वळणं झाली, आपण जागे होतो की झोपलो होतो, हे गचकेवाल्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

पुढच्या सिनेमाच्या वेळी दिग्दर्शक ओरडला, "अरे, गचके कुठे आहेत?"

"येतायत साहेब," फळीखालून उत्तर आलं. "गाडी भरलेली आहे."

तो सिनेमा लागला तेव्हा चौघं परत गेली. उतार सुरू झाला. बाबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, डावा हात अंधारात चाचपत गेला आणि त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा गुडघा दुसऱ्या गिअरमध्ये टाकला. वळण आलं तसे ते पुटपुटले, "ये बाई, ये." गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले.

मध्यंतरात बाबा गचकेवाल्याकडे न बघता म्हणाले, "तारीख काढा."

लग्न झालं. सिनेमा चार दिवस चालला. पुढच्या वर्षापासून स्टुडिओने खऱ्या रस्त्यावर चित्रण सुरू केलं आणि गचकेवाल्याला फाटकावर पास तपासायला बसवलं.