छपरावरची सही

लष्करी तळावरच्या छप्परबाईने बांधकामसाहेबांवर डूख धरला होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही. ते समोरून आले की ती मुद्दाम वाटेत थांबायची, टक लावून बघायची. साहेब घाईघाईने घड्याळ बघत निघून जायचे.

तळावर लष्कराच्या गाड्या ठेवायची एक शेड होती, वर सिमेंटचे जुनाट पत्रे. तिचा नवरा त्या छपराची डागडुजी करायचा. माणूस असा की खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघणार. एका वर्षी वरिष्ठांची तपासणी तोंडावर आली, शेड ठिकठिकाणी गळत होती, आणि पत्रे बदलायचे पैसे साहेबांनी तळाच्या दारावरच्या नव्या कमानीकडे वळवले होते. सरकारकडून दुरुस्तीला आणि नव्या बांधकामाला मिळून एकच रक्कम यायची. दुरुस्तीवर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, कमानीवर लागते. मग दुरुस्तीच्या मागणीला दरवर्षी वाटाण्याच्या अक्षता. नवऱ्याला डांबराचा डबा देऊन वर पाठवलं. पत्रा फुटला. तो खाली फरशीवर आपटला आणि पुन्हा उठला नाही.

चौकशीत साहेब म्हणाले, "पत्रे भक्कम होते. माणूसच धांदरट." एवढं बोलून हात झटकून मोकळे.

तो शब्द मग घरातच मुक्कामाला आला. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, "माझा लेक लहानपणापासून धांदरटच." त्याहून वाईट म्हणजे मुलगीही तेच शिकली. हातातून कप निसटला की हसायची, "बाबांवर गेलेय मी!" ते हसणं ऐकून छप्परबाईच्या अंगाची लाहीलाही व्हायची. आता मुलगी त्याच शेडमधली गाडी चालवत होती आणि साहेब दिसले की अदबीने उभी राहत होती. "बाबा गेल्यावर त्यांनीच तुला नोकरी लावली ना, आई?"

लावली होती, तोंड बंद राहावं म्हणून. तीही मूग गिळून बसली, कारण पदरात पोर होती. पण विसरली नाही. देखभाल विभागात झाडू मारण्यापासून सुरुवात केलेली बाई यंदा त्या विभागाची मुख्य झाली, आणि यंदाच साहेब निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत नशिबाने तिच्यावर केलेली ही एकमेव मेहेरबानी.

साहेबांना जाता जाता एक सभागृह उभारायचं होतं. अर्थातच पाटीसकट. त्यासाठी शेडच्या पत्र्यांचे पैसे पुन्हा एकदा वळवायचे होते, आणि छप्पर आणखी वर्षभर टिकेल अशी देखभालीच्या मुख्याची सही हवी होती. साहेब स्वतः चालत तिच्या खोलीत आले.

"बाई, एवढी सही ठोका आणि मला मोकळं करा."

"करते की. पण दोघांनी छपरावर चालून बघायचं, असा नियम आहे."

"अहो, तो नियम आजवर कुणी पाळलाय?"

"मी पाळणार आहे."

तिने वेळ जेवणाच्या सुट्टीची निवडली. अंगणात ड्रायव्हर, जवान, कारकून, देखभालीचे कामगार डबे उघडून बसलेले होते. मुलगीही त्यांच्यात होती. छप्परबाईने शिडी लावली आणि बाजूला झाली.

"आधी तुम्ही, साहेब. पलीकडच्या कोपऱ्यात लोखंडी जिना आहे. मधून चालत जा, तिकडून उतरू."

साहेब धापा टाकत वर पोहोचले. ती पाठोपाठ शिडीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथूनच बघत राहिली. साहेबांनी पहिलं पाऊल टाकलं ते थेट बोल्टच्या ओळीवर. त्या ओळीखाली लोखंडी तुळई होती, बाकी सगळीकडे नुसता पत्रा. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बूट एकदाही ओळ सोडत नव्हते. मेल्याला सगळं माहीत होतं, आणि तेव्हाही माहीत होतं! ती भराभर खाली उतरली आणि तिने शिडी काढून जमिनीवर आडवी टाकली.

"बाई! शिडी कुठे नेलीत?"

"जिन्याने या ना. पत्रे कसे आहेत?"

"ठीक आहेत!"

"मग टाका पाय मधे. सरळ चालत या."

बोल्टची ओळ जिन्याच्या बरीच अलीकडे संपत होती. साहेबांनी जिन्याकडे पाहिलं, मधल्या पत्र्यांकडे पाहिलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली. ऊन रणरणत होतं. ते ओळीवरच फतकल मारून बसले आणि पत्रा तापलेला असल्याने लगेच उठले. कुणीतरी फिसकन हसलं. शिडीला मात्र कामगारांपैकी कुणीही हात लावला नाही. त्या छपरावर सगळेच कधी ना कधी चढलेले होते.

"शिडी लावा! कुजलेत पत्रे! नका करू सही!"

"आणि माझा नवरा चढला तेव्हा?"

साहेबांनी मान फिरवली.

"मोठ्याने सांगा, साहेब. माझी मुलगी इथे बसलीय."

मग वरून फाटक्या आवाजात उत्तर आलं, "तेव्हाही कुजलेलेच होते! ठाऊक होतं मला! त्याने नको म्हटलं होतं, मीच चढवला त्याला! आता तरी लावा शिडी!"

नको म्हटलं होतं, हे छप्परबाईलाही नवीन होतं. तिने जवळ उभ्या गाडीच्या दाराचा दांडा घट्ट धरला. अंगणातले घास हातातच थांबले.

मुलगी डबा ठेवून उठली आणि शिडीपाशी आली. अजून पोरीच्या मनात साहेबांची कणव आहे, असं छप्परबाईला वाटलं. मुलीने शिडी उचलली, ओढत ओढत अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, आणि परत येऊन डब्यासमोर बसली.

"आई, ये," ती म्हणाली. "आधी जेवून घेऊ."